बावीस पॉइंट चार

“सिस्टर, हिरव्या कार्डवाल्यांना तपासायचं नाही असं ठरलंय ना आपलं?”

आमच्या फौंड्रीचे मॅनेजर सरनोबत साहेब कारखान्यातल्या दवाखान्याच्या दारात उभे होते. केरबाच्या दंडाला पट्टा, माझ्या कानात नळ्या, आणि पारा कुठं थांबला होता म्हणता? एकशे शहाण्णववर. खालचा आकडा एकशे अठरा. मी हवा सोडली, केरबाला पाच मिनिटं गप्प बसवलं आणि साहेबांच्या नाकावर टिच्चून परत मोजलं. पारा हलायला तयार नाही.

“आत या साहेब. हे बघा.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“आकडे वाचता येतात ना? मग वाचा.”

त्यांनी वाचलं नाही. त्यांनी केरबाच्या गळ्यातलं कार्ड दोन बोटांत धरलं आणि माझ्याकडे फिरवलं. “आकडाच बघायचा तर हा बघा. बावीस पॉइंट चार. शंभरातला बाविसावा. कमी धोका. ह्या माणसाला बीपी होण्याची शक्यताच कमी आहे.”

“शक्यता काय घेऊन बसलाय? झालंय! आठ वर्षं झाली त्याला बीपी होऊन! माझ्या वहीत दर शनिवारचा आकडा आहे.”

“तुमची वही आणि इतकं मोठं शास्त्र, यात मी कशावर विश्वास ठेवू, तुम्हीच सांगा.”

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. मी काही बोलणार, तोवर केरबानंच पट्टा सोडला, बाही खाली ओढली आणि उठला. “ऱ्हाऊ द्या सिस्टर. बरा हाय मी.”

“तू बस खाली! तुला कुणी विचारलं?”

पण तो गेला. माझी पद्धत अशी होती की आधी पट्टा, मग ‘आ कर’ म्हणून बॅटरीनं तोंड बघायचं, कारण आमच्या फौंड्रीत दहातले आठजण तंबाखू खाणारे आणि दोघांच्या गालात मी पांढरे चट्टे पकडले होते. त्या शनिवारी तोंडापर्यंत पोचलेच नाही. सरनोबतांनी शिपायाला बोलावलं आणि माझं पाऱ्याचं मशीन उचलून त्यांच्या केबिनमध्ये न्यायला सांगितलं. “लाल आणि पिवळ्या कार्डवाल्यांचा वार असेल तेव्हा घेऊन जात जा,” म्हणाले. एकोणीस वर्षं मी त्या दवाखान्यात नोकरी केली. माझ्या समोरून माझं मशीन असं गेलं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. तरी सांगताना माझा आवाज चढतोच. चढू दे.

कागलकडच्या एमआयडीसीतली आमची फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. केरबा देवकुळे तिथं क्रेनवर होता. भट्टीतून लाल लोखंड एका मोठ्या बादलीत काढतात, तिला लॅडल म्हणतात. ती बादली उचलायची आणि खाली काम करणाऱ्या माणसांच्या डोक्यांवरून साच्यांपर्यंत अलगद न्यायची, हे केरबाचं काम. पत्र्याला टेकलेली, एका माणसापुरती केबिन. जमिनीपासून तीस फूट. चढायला सरळ उभी लोखंडी शिडी. उन्हाळ्यात तिथं बसणं म्हणजे तव्यावर बसणं. अशा जागी ज्या माणसाचं बीपी एकशे शहाण्णव आहे, त्याला भोवळ आली तर काय होईल, हे सांगायला शास्त्र कशाला पाहिजे हो? मला त्याला खाली उतरवायचा होता, एवढंच. महिना-दोन महिने हलकं काम, गोळ्या आणि मोठ्या दवाखान्यात एकदा तपासणी. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागायची.

डॉक्टर मंगळवारी तासभर यायचे. मी वही पुढं केली. त्यांनी आधी केरबाच्या गळ्यात बघितलं आणि हसले.

“सिस्टर, तुमच्यासमोर बसलं की कुणाचंही बीपी चढेल. किती ओरडता त्यांना!”

“डॉक्टर, आठ वर्षांचे आकडे आहेत.”

“स्कोअर इतका कमी असताना मला तर गोळ्यांचीच शंका येते. महिनाभर बंद करून बघू.”

म्हणजे खाली उतरवायचं राहिलं बाजूला, होत्या त्या गोळ्याही गेल्या. मी संध्याकाळी औषधाच्या दुकानातून तीच गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी केरबाच्या हातात पुडी ठेवली. त्यानं हात मागं घेतला.

“नगं सिस्टर. कुणी बघितलं तर म्हणतील, हिरवं कार्ड आन गोळ्या कशाला खातोय? परत नळी देतील.”

“देऊ देत की! चांगलंच आहे. परत तपासतील.”

“नगं,” तो म्हणाला. “परत नळी नगं.”

आणि खाली मान घालून निघून गेला. मी त्याच्या पाठीवर ओरडले, “मर मग!” आता तुम्हीच सांगा, असं कुणी बोलतं का? मी बोलले.

नळीचं सांगते. त्या शनिवारच्या महिनाभर आधी धाकट्या मालकांनी शिबिर आणलं होतं. थोरल्या मालकांना माणसं नावानिशी माहीत होती, धाकट्यांना माणसांची माहिती कॉम्प्युटरवर हवी असायची. पांढऱ्या कोटातल्या दोन मुली आल्या, कँटीनच्या बाहेर मांडव घातला, वर फलक लावला: ‘बीपी होण्याआधीच बीपी ओळखा’. माणसाच्या थुंकीतून त्याची जनुकं काढायची, आईबापांकडून काय काय आलंय ते हजारो ठिकाणी तपासायचं, त्याची बेरीज करायची आणि सांगायचं की ह्याला पुढं बीपीचा धोका किती. जेनेटिक रिस्क स्कोअर. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट मी खूश होते, चला, निदान बीपीचं नाव तरी निघालं.

नळ्या वाटायचं आणि नावांवर खुणा करायचं काम माझं. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, तोंडात काही ठेवायचं नाही, नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकी भरून आणायची. एकशे ऐंशी माणसं. रस्त्याच्या मधोमध पिचकारी मारताना ह्यांना कधी लाज वाटली नाही, पण त्या दोन मुलींसमोर थुंकायचं म्हटल्यावर सगळे नव्या नवरीसारखे लाजायला लागले. नळ्या घेऊन कुणी झाडामागं, कुणी शेडमागं. मी मांडवाच्या तोंडाशी उभी राहून सकाळभर त्यांच्यावर खेकसत होते, तंबाखू टाका, चुना टाका, मावा टाका. माझा घसा बसला.

पंधरा दिवसांनी कार्डं आली. हिरवी, पिवळी, लाल. गळ्यातल्या ओळखपत्राबरोबर अडकवायची. लाल कार्डवाल्यांना दर आठवड्याला तपासणी, गोळ्या, मोठ्या दवाखान्यात जायला भरपगारी सुट्टी. हिरव्यांना काहीच नाही. मेल्टिंगची, म्हणजे भट्टीवरची, दहाच्या दहा माणसं हिरवी निघाली. सरनोबतांनी कँटीनमध्ये भाषण ठोकलं, की बघा, भट्टीच्या आगीत रोज भाजणारी आपली माणसं किती ठणठणीत आहेत, लोक उगाच म्हणतात कारखान्यानं बीपी होतं. टाळ्या पडल्या. मेल्टिंगचे दहाजण मात्र ताटात बघत बसले होते. मला वाटलं, लाजताहेत.

तर मशीन गेलं त्या शनिवारी मी घरी जाऊन माझं स्वतःचं काट्याचं मशीन काढलं, सासूबाईंसाठी घेतलेलं. आणि केरबाच्या कार्डाचा मी मोबाइलवर काढलेला फोटो भिंग घेऊन वाचायला बसले. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजीत काहीबाही आणि खाली एक फोन नंबर. सोमवारी सकाळी लावला. शिबिरातल्या दोघींपैकीच एक होती, ऋजुता नावाची.

“मॅडम, कमी स्कोअर म्हणजे बीपी होणारच नाही, असं नाही,” ती म्हणाली. “तो नुसता अंदाज आहे. मोजलेलं बीपी जास्त असेल तर त्याला बीपी आहे. संपलं. स्कोअर बघून मोजणं थांबवा असं आम्ही कधीच सांगितलं नाही. कार्डाच्या मागं छापलंय तसं.”

“मुंगीएवढ्या अक्षरात, तेही इंग्रजीत! भट्टीवरच्या माणसानं कसं वाचायचं ते?”

“खरं सांगू का?” ती म्हणाली. “ हे गणित मुख्यतः परदेशातल्या लोकांच्या माहितीवर बसवलंय. आपल्या लोकांना किती लागू पडतं ते आम्ही अजून तपासतोय. आणि उष्णता, मीठ, तंबाखू, झोप, ह्यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.”

“हे सरनोबत साहेबांना सांगाल?”

“सांगितलं होतं, मॅडम. ते म्हणाले, थोडक्यात सांगा, रंग कोणता.”

पोरगी खरं बोलत होती. मी म्हटलं, बाई, मला आमच्या सगळ्यांचे आकडे पाठवता येतील का? कंपनीची नर्स म्हणून तिनं पाठवले, पण पुढच्या सोमवारी; तोवर डॉक्टरांनी केरबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. मी यादीवरून बोट फिरवत गेले. देवकुळे केरबा, बावीस पॉइंट चार. मुलाणी रज्जाक, बावीस पॉइंट चार. यल्लाप्पा तळवार, बावीस पॉइंट चार. मी चष्मा पुसला. खाली आणखी सात. सगळी मेल्टिंगची माणसं, सगळे बावीस पॉइंट चार.

मी परत फोन लावला. “अहो, हे दहाजणांचे आकडे सारखे कसे?”

पलीकडं कळफलकाचा आवाज.

“असं फक्त जुळ्यांचं येतं, मॅडम. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचं.”

“दहा जुळे? एक मुलाणी, एक देवकुळे, एक विजापूरकडचा तळवार? ह्यांची आई एकच होती का? तुम्ही लोकांनी आकडे पाठवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घातले नाहीत?”

“चुकलं मॅडम,” ती बारीक आवाजात म्हणाली. “दहा नाही, अकरा आहेत. पॅटर्न शॉपमध्ये एक मगदूम म्हणून आहेत, त्यांचाही तोच.”

आप्पासो मगदूम! अख्ख्या फौंड्रीत ज्याच्या तोंडाला कधी विडी, सुपारी, तंबाखू लागली नाही असा एकच माणूस. मी फोन ठेवला तो तडक पॅटर्न शॉपमध्ये. लाकडाचे साचे करायची ती शेड. आप्पासो रंधा मारत होते. साठीला आलेला, शांत माणूस.

“आप्पासो, किती नळ्यांत थुंकलात?”

रंधा थांबला. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. “अकरा,” म्हणाले.

“अकरा!”

“एक माझी आन धा त्येंच्या. सकाळधरनं चिंचंचं बुटुक गालात धरून बसलो हुतो बगा, तवा कुठं पुरली थुकी. दुपारी जेवान गिळंना, इतकं त्वांड सुकलं.”

“अहो, पण का? हे काय हजेरीचं कार्ड आहे का, एकानं दुसऱ्याचं मारायला?”

“तसंच समजून केलं की ओ. आमी एकमेकाचं कार्ड मारतोच. कुणाची बस चुकली, कुणाच्या पोराला ताप आला. इतकी वर्सं चालत आलंय. धाजणं माझ्याकडं आली, म्हणली, आप्पा, आमची लाज राखा. मी नाही कसं म्हणू?”

“कसली लाज? थुंकायची?”

आप्पासोंनी माझ्याकडं बघितलं. मग रंध्यावरचा भुसा फुंकला. “केरबाला इचारा सिस्टर. माझ्या तोंडनं नगं.”

“तुमच्या तोंडानं अकरा नळ्या भरल्या, आणि आता तोंडानं बोलायला नको?”

रंधा परत सुरू झाला.

मी शेडच्या बाहेर येऊन उभी राहिले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. सरनोबतांना जाऊन सांगावं तर तेही कळत होतं की काय होईल. आदल्या वर्षी दुसऱ्याचं हजेरी कार्ड मारलं म्हणून दोघांना त्यांनी त्याच दिवशी घरी बसवलं होतं. इथं दहाजण आणि आप्पासो अकरावे. अकरा चुली. आणि न सांगावं तर केरबा वर, पत्र्याखाली, बिनगोळ्यांचा, आणि खाली सगळी माणसं. मी ठरवलं, आधी केरबाला धरायचा. त्यानंच येऊन सांगायचं की थुंकी माझी नाही, मला परत तपासा. बाकीच्यांचं नाव न घेता. मग मी बघते सरनोबतांकडं.

एकचा भोंगा झाला. मेल्टिंगमध्ये गेले तर सगळे डबे सोडून बसले होते. लॅडल जमिनीवर टेकलेली, क्रेन भिंतीशी उभी. केरबा दिसेना.

“उतरलाच न्हाई आज,” रज्जाक म्हणाला. “डोस्कं दुखतंय म्हणाला. वरच पडतो म्हणाला वाईच.”

“आणि तुम्ही इथं भाकरी खाताय?”

“हिरव्या कार्डवाल्यानं डोस्कं दुखतंय म्हणून सांगायचं कुणाला, सिस्टर?” रज्जाक घास हातात धरून म्हणाला.

मी वर तोंड करून हाक मारली. एकदा, दोनदा. वरून नुसता हात हलला. मी केरबासाठी बरोबर आणलेलं काट्याचं मशीन पिशवीत घातलं, पिशवी गळ्यात अडकवली, पदर खोचला आणि शिडीला हात घातला. खालून सगळे ओरडायला लागले, अहो सिस्टर, अहो पडाल. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, वजन काय सांगू, आणि आयुष्यात कधी आंब्याच्या झाडावर चढले नव्हते. पण राग होता ना अंगात. चाळीस पायऱ्या मी रागानं चढले. केरबाला शिव्या देत चढले.

केबिनमध्ये श्वास घेववत नव्हता. केरबा पाठीमागं टेकून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. दारातच कसंबसं अंग कोंबलं, गुडघ्यावर बसले, त्याची बाही वर केली, पट्टा बांधला. काटा दोनशे तीसच्या पुढं गेला. तरी माझं तोंड थांबलं नाही.

“आप्पासोंनी सांगितलंय मला सगळं. अकरा नळ्या! अरे, दुसऱ्याच्या थुंकीवर हिरवं कार्ड मिरवतोस आणि स्वतः मरायला निघालास? काय अडलं होतं तुझं थुंकायला? काय लाज होती त्यात? आत्ताच्या आत्ता सांग!”

तो काहीतरी बोलला. शब्द तोंडातल्या तोंडात.

“नीट बोल!”

“तुमीच म्हणाला हुता,” तो म्हणाला.

“मी? मी काय म्हणाले?”

“मांडवात.” तो थांबत थांबत बोलत होता. “म्हणाला… ह्या नळीत समदं उमटतंय. धा वर्सांची तंबाखू उमटतीया. ज्याची उमटंल… त्येचं नाव सायबाकडं. त्येची भट्टी बंद.”

मी म्हणाले होते. अगदी हेच म्हणाले होते. त्या सकाळी शंभर जणांना तंबाखू टाका म्हणून सांगून घसा बसला होता, आणि मेल्टिंगची टोळी गालात गोळा धरून हसत माझ्यासमोर आली. मला चीड आली. म्हटलं, जरा घाबरवूया ह्यांना, त्याशिवाय सुधारायचे नाहीत. नळीत दहा वर्षांची तंबाखू उमटते, नावं साहेबांकडं जाणार, भट्टीवर ठेवणार नाहीत. ते हसायचे थांबले. नळ्या घेऊन शेडमागं गेले. मला वाटलं, बघा, कशी जिरवली. संध्याकाळी घरी नवऱ्यालाही सांगितलं हसून. आणि विसरून गेले.

आणि केरबा अजून काहीतरी सांगत होता. एक शब्द कळेना. जीभ जड, लाळ बोलण्यात येत होती. मी त्याही वेळी ओरडलेच. माझी जन्माची सवय.

“आधी तोंडातली तंबाखू थुंक! एवढं सगळं होऊन परत भरलायसच का गाल? थुंक म्हणते ना!”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग दर शनिवारी करायचा तसा त्यानं आ केला.

तोंड रिकामं होतं. दोन्ही गाल स्वच्छ. चुन्याचा एक ठिपका नाही. आ केला तेव्हा उजवीकडचा ओठ वर गेला आणि डावीकडचा जागचा हलला नाही.

“सोडली,” तो म्हणाला. एवढा एकच शब्द नीट आला. “त्याच दिशी.”

पुढचं मला तुटक आठवतं. मी खाली वाकून किंचाळले, रज्जाक आणि यल्लाप्पा माकडासारखे चढून आले, केरबाला पाठीला बांधून उतरवला. फौंड्रीच्या जीपमधून कोल्हापूरला. वाटेत त्याचा डावा हात माझ्या मांडीवर होता, तो मी दाबत होते, त्याला कळत नव्हतं.

तासाभरानं तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सरनोबत आले. केरबा कसा आहे, हे नंतर. पहिलं वाक्य काय, तर “पण कार्ड तर हिरवं होतं.”

मी उठले. ते कार्ड माझ्याच मुठीत होतं, तिथल्या नर्सनं केरबाच्या गळ्यातून काढून दिलेलं. मी ते त्यांच्या शर्टाच्या खिशात कोंबलं. “हे घ्या. ह्याला बीपी नाही. ह्याला लकवा नाही. ह्याला चढवा उद्यापासून क्रेनवर.” मोठ्यानं बोलले. सगळा व्हरांडा बघत होता. त्यांच्याबरोबर माझं तसं बोलणं तेवढं एकदाच झालं, आणि आजही मला त्याचा पस्तावा नाही.

चार दिवसांनी धाकट्या मालकांनी बोलावलं. ऋजुतानं अकरा आकडे सारखे आल्याचं कळवलं होतं, चूक आमच्याही लक्षात यायला हवी होती असं लेखी दिलं होतं. मालकांच्या टेबलावर यादी, अकरा ओळींवर पिवळी रेघ. सरनोबत बाजूला. कुणाकुणाला घरी बसवायचं याची तयारी झालेली दिसत होती.

“दहा माणसांची थुंकी एकाची कशी, सिस्टर? नळ्या तुम्ही वाटल्या होत्या.”

“मीच भरल्या,” मी म्हणाले. “मेल्टिंगवाल्यांना भट्टी सोडून येता येईना. यादी दुपारपर्यंत पुरी करायची होती. मगदूमांना म्हटलं, औषधाच्या कामाला थुंकी पाहिजे, आणि दहा नळ्या त्यांच्याकडून भरून घेतल्या. त्यांना काही माहीत नाही. त्या दहाजणांना तर मुळीच नाही.”

सरनोबत बघत राहिले. त्यांना पटलं नव्हतं, पण नर्सच स्वतःच्या तोंडानं कबूल करते म्हटल्यावर बोलायचं काय? मांडवात काय बोलले होते, तेही सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर अकराजण कसे गुंतले ते उघडं पडलं असतं. म्हणून गिळलं. त्या गिळलेल्याची चव अजून जात नाही.

मला राजीनामा द्यायला सांगितलं. महिन्याभरात कार्डं गुपचूप गोळा झाली. पाऱ्याचं मशीन दवाखान्यात परत आलं आणि नवीन सिस्टर दर शनिवारी सगळ्यांना तपासते, रंग न बघता, हे मला रज्जाक सांगतो.

सरनोबतांचा राग येतो मला, त्या डॉक्टरांचा येतो, त्या मुंगीएवढ्या अक्षरांचा येतो. भांडी घासताना येतो, बसमध्ये बसले असताना येतो. एकेकाशी मनातल्या मनात कडाकडा भांडते, सगळ्यांना गप्प करते. शेवटी मांडवात उभी असलेली ती बाई उरते. तिच्याशी भांडून काही होत नाही.

केरबा गावी असतो. डावा हात गेला, पाय ओढत चालतो, बोलणं त्याच्या बायकोशिवाय कुणाला कळत नाही. मी महिन्यातून एकदा जाते, मशीन घेऊन. मला दारात बघितलं की तो चटकन उजव्या हातानं बाही वर करायला लागतो. बायको हसते, म्हणते, “आल्या बगा तुमच्या सिस्टर.” मी पट्टा बांधते, मोजते, वहीत लिहिते. आता एकशे तीस-चाळीसच्या वर जात नाही.

पट्टा सोडला की मी काही बोलायच्या आधी तो तोंड उघडतो. मी कधीच सांगत नाही त्याला. तरी तो मान वर करून, डोळे माझ्यावर ठेवून आ करतो, आणि मी बघितलं असं म्हणेपर्यंत मिटत नाही.

“बघितलं रे,” मी म्हणते. “स्वच्छ आहे.”